लांबकान्या कोतवालाचा कान

भांडारी आणि बाहुला यांची ही कथा निरनिराळ्या रूपांत सांगितली जाते. काही रूपांत बाहुला मातीचा असतो आणि त्याचा हात मोडतो. काहींत भांडारी आपली चूक लपवतो आणि अखेर देशोधडीला लागतो. येथे दिलेले रूप कमी ऐकू येते. त्यात बाहुला लाकडी आहे, भांडाऱ्याला बायको आहे, आणि कथा वळते ती तिच्यामुळे.

फार मागे, एका राज्यात चित्रपट्ट्यांची मोठी आवड होती. लांब कापडावर एकापुढे एक चौकटी काढलेल्या असत आणि चौकटीगणिक एखाद्या विनोदी पात्राची फजिती पुढे सरकत असे. कारागीर त्या पात्रांचे बाहुले करून पट्टीसोबत विकत. पुढे चित्रकार गेले, कारागीर गेले, आणि मुलांच्या हातचे बाहुले हरवले. जे उरले ते राजाच्या आजोबांनी शोधशोधून जमवले. आळशी वैद्य, भांडखोर जावा, झोपाळू पुराणिक असे अनेक जण राजवाड्याच्या एका दालनात मांडलेले होते. त्यांत सर्वांत दुर्मीळ होता लांबकान्या कोतवाल. त्याच्यासारखा दुसरा कोठेही उरला नव्हता.

आजोबांचे नियम कडक होते. बाहुल्यांशी कोणी खेळायचे नाही. रंग उडू नयेत म्हणून कोणतीही पट्टी पहिल्या चौकटीपलीकडे उलगडायची नाही. आणि ज्याच्या हातून बाहुला मोडेल, त्याने राज्य सोडायचे.

या दालनाचा भांडारी रोज मोरपिसाने धूळ झाडी. एके दिवशी राजाकडे पाहुणे यायचे होते, म्हणून तो अधिकच निगुतीने झाडत होता. पीस कोतवालाच्या कानामागे अडकले आणि कान खाली पडला.

भांडाऱ्याने बाहुला व कान उपरण्यात गुंडाळले आणि तो घरी आला. बायको शेंगा निवडत होती.

“मोडला,” तो म्हणाला.

तिने उपरणे उघडून पाहिले. “कानच पडलाय होय? तुमचा चेहरा बघून वाटलं, तुम्हीच जिन्यावरून पडलात.”

“अगं, राज्य सोडावं लागेल. आईला या वयात कुठं न्यायचं?”

आत भांडाऱ्याची अंथरुणाला खिळलेली आई खोकली. 

“थोडी लाख वितळव,” तो हळूच म्हणाला. “चिकटवून टाकतो. कोणाला कळायचं नाही.”

“लाख आहे घरात. कान चिकटेलही. पण महाराजांनी विचारलं, सगळं ठीक ना, की तुम्ही काय करणार? परवा माझ्या बहिणीला खोटंच सांगितलंत, भाजी छान झालीय. संध्याकाळपर्यंत उचकी थांबेना.”

“ती तिखटाची उचकी होती,” भांडारी म्हणाला, आणि त्याला उचकी लागली.

“झालं,” बायको म्हणाली. “उठा, पाणी प्या आणि सरळ वाड्यावर जा. जायचंच झालं, तर आईंची डोली मी बघते.”

भांडारी राजासमोर उभा राहिला. त्याच्या एका हातात बाहुला होता, दुसऱ्या हातात कान. राजाचा चेहरा उतरला.

“कशानं मोडला?”

“मोरपिसानं, महाराज.”

“मोरपिसानं लाकूड मोडतं?”

“मलाही तेच उमजत नाही.”

राजाने कान उजेडात धरला. लाकूड कोठेही पिंजलेले नव्हते. कानाच्या मागे एक बारीक खुंटी होती, आणि बोटांनी हाताळून हाताळून ती गुळगुळीत झाली होती. बाहुल्याच्या डोक्याला तेवढेच भोक होते. राजाने खुंटी भोकात बसवली. टक्‌ असा आवाज झाला. त्याने कान ओढला. तो निघाला.

“पट्टी आणा,” राजा म्हणाला. “सगळी उलगडा.”

“महाराज, आजोबांचा नियम...” भांडारी म्हणाला.

“आजोबांनी घातला, मी काढतो.”

पहिल्या चौकटीत कोतवाल शेजाऱ्याच्या दाराला कान लावून उभा होता. तेवढे सर्वांना ठाऊक होते. दुसऱ्या चौकटीत दाराच्या फटीत त्याचा कान अडकला आणि तुटून तेथेच राहिला. तिसऱ्या चौकटीत तो घरोघर कानाची चौकशी करीत होता. चौथ्या चौकटीत लोक त्याला उत्तर ओरडून सांगत होते, पण नेमके कान नसलेल्या बाजूने. शेवटच्या चौकटीत एका पोराने कान परत बसवला होता, आणि कोतवाल पुन्हा त्याच दाराला टेकला होता.

राजा हसता हसता खाली बसला. सुटका झाल्यासारखा भांडारीही राजासमोर जमिनीवर बसला.

“चिकटवावा असं मनात आलं नाही?” राजाने विचारले.

“आलं होतं, महाराज. पण उचकी लागली.”

राजाने भोकावरून बोट फिरवले. “लाखेनं हे कायमचं बुजलं असतं, आणि हा गडी पुन्हा कधी फजीत झाला नसता.”

बोध इतकाच, की चूक झाकायला निघालेला माणूस ती खरोखर चूक होती की नाही, हे कळण्याची वाटही बुजवून टाकतो.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या मुलांनी कोतवालाचा कान आळीपाळीने काढला आणि बसवला. भांडारी जेवणवेळेला घरी गेला, आणि त्याने आईला सगळी पट्टी चौकटीमागून चौकट सांगितली.