राजा मानधराचा रांजण

एका राज्यात दारोदारी द्राक्षांचे मांडव होते, पण एकाही घरात द्राक्षांचा रस मुरत नव्हता. गरजच उरली नव्हती. राजवाड्याच्या चौकात सोन्याची एक घागर होती. तिच्यातून आसव वाहे आणि ती कधी रिती होत नसे. वज्रकेश नावाच्या मांत्रिकाने ती राजा मानधराला भेट दिली होती. राजाने ती आनंदाने घेतली, प्रजेने आनंदाने तिच्याखाली ओंजळी धरल्या.

घागरीला शाप होता. प्रत्येक घोटाबरोबर पिणाऱ्याच्या हातातली एक कला निघून जाई.

आधी कोणाच्या ध्यानात आले नाही. मग विणकराला धाग्याचे टोक सापडेना. कुंभाराचे चाक फिरे, पण माती उभी राहीना. एके सकाळी राजाला स्वतःचा फेटा बांधता येईना. त्याने दरबारात विचारले, "तुमच्यापैकी कोणाला येतो?" शंभर माणसे उघड्या डोक्याने बसली होती.

राणी वसुप्रिया म्हणाली, "महाराज, काल माझ्या हातात सुई होती. बराच वेळ पाहत बसले. ती कशासाठी असते, ते आठवेना."

हे सारे घागर आल्यापासूनचे आहे, हे ध्यानात येताच राजाने घण उचलून घागरीवर घातला. घण मोडला, घागरीवर ओरखडाही उठला नाही. तेव्हा विहिरीच्या काठावरची साळुंकी बोलली. पाखरे ते आसव पीत नसत, म्हणून त्यांना सारे आठवत होते.

"राजा, जे हात विसरले आहेत, त्याच हातांनी आसव करायचे आणि या घागरीत ओतायचे. त्याविना शाप सुटणार नाही. कामे तीन आहेत. घड आणणे, रस कोंडणे आणि वाट पाहणे."

"तिसरे तर सोपे आहे," राजा म्हणाला.

साळुंकीने डोंगराकडे चोच वळवली.

छाटणी विसरल्यापासून दारचे मांडव फळेनासे झाले होते, म्हणून राजा एकटाच काळ्या डोंगरावर गेला. तिथली द्राक्षांची रानवेल हावऱ्या माणसाला विळखा घालून ठेवी. तिने राजाच्या मनगटाला वेढा घातला. "किती नेणार?"

"एका रांजणापुरते."

वेल सैल झाली. राजाने घड आणले आणि धुवायला घेतले, तेवढ्यात साळुंकी ओरडली, "सालीवरची पांढरी भुकटी धुऊ नकोस! रस आंबवणारा जीव तिच्यातच आहे. धुवायचा तो रांजण."

राज्यात नवा रांजण घडवणारा कोणी उरला नव्हता. कोठारात जुने तीन होते. राजाने एक कढत पाण्याने सात वेळा धुतला, उन्हात वाळवला, घड हातांनी चुरगळून त्यात भरले आणि तोंड मातीने घट्ट लिंपले. पाचव्या दिवशी रांजण फुटला. रस चौकभर वाहिला.

"आत जीव आहे," साळुंकी म्हणाली. "त्याला उसासा टाकायला वाट हवी. पण बाहेरचा वारा आत जाता कामा नये."

राजा पुन्हा डोंगरावर गेला. वेलीने विचारले, "परत आलास?"

"रांजण फुटला."

"मग ने," वेल म्हणाली.

या वेळी त्याने दुसऱ्या रांजणाच्या लाकडी झाकणात बोरूची पोकळ नळी बसवली, फटी मेणाने बुजवल्या आणि बोरूचे वाकवलेले टोक पाण्याच्या वाटीत बुडवले. दुसऱ्या दिवशी वाटीत बुडबुडा आला. मग दुसरा. राजा लहान मुलासारखा हसला.

मग वाट पाहणे सुरू झाले. बुडबुडे आधी घाईने येत, मग दमाने. राजा जवळ बसून ऐकत राही. जन्मभर प्रत्येक वस्तू त्याच्यापुढे तयार होऊन आली होती. एखादी गोष्ट होताना त्याने कधी पाहिलीच नव्हती. आत काय चालले आहे ते दिसत नव्हते, त्याला घाई करता येत नव्हती, हुकूमही सोडता येत नव्हता. झाकण उघडून पाहावे असे दिवसातून दहा वेळा मनात येई. दहाही वेळा तो हात मांडीखाली दाबून बसे.

तिसाव्या दिवशी भर दुपारी वज्रकेश आला.

"राजा, माझ्या मंत्रदंडाचा एक स्पर्श, आणि आसव या क्षणी तयार होईल."

"मग ते तुमचे होईल."

"आणि हे नासले तर? आता एकच रांजण उरला आहे."

"तर आम्ही माती तुडवून नवा रांजण घडवायला शिकू," राजा म्हणाला.

मांत्रिक जायला वळला आणि थबकला. वाटीत बुडबुडा फुटला होता. "हा आवाज कसला?"

"काम चालू आहे," राजा म्हणाला.

बुडबुडे थांबले तेव्हा गाळ तळाशी बसला होता. राजाने तो न हलवता आसव हळूच तिसऱ्या रांजणात निथळून घेतले आणि आणखी एक पौर्णिमा जाऊ दिली. मग साऱ्या प्रजेसमोर त्याने पहिला पेला सोन्याच्या घागरीत ओतला.

घागर काळवंडली आणि उभी चिरली. आतून हरवलेल्या कलांचे मधमाश्यांसारखे थवे निघाले आणि ज्याच्या त्याच्या बोटांवर जाऊन बसले. सुताराने रंधा उचलला. सुईण स्वतःच्या तळव्यांकडे पाहून रडू लागली. गर्दीत उभ्या वज्रकेशाच्या हातांवर मात्र एकही माशी बसली नाही. तो मुकाट्याने वेशीबाहेर गेला, पुन्हा कोणाला दिसला नाही.

त्या वर्षापासून राज्यात ज्याने त्याने आपला रस आपल्या घरी मुरवावा, असे ठरले. राजवाड्यातून आसव वाटणे बंद झाले, आणि कोणी मागायलाही येईना.

पण घागर चिरली त्याच दिवशी दुसरा पेला राजाने राणीला दिला. तिने घोट घेतला, डोळे मिटले, मग उघडले.

"तुरट आहे, महाराज."

राजाने चाखून पाहिले. खरेच तुरट होते.

"घड लवकर तोडले," तो म्हणाला. "पुढच्या खेपेला आणखी आठ दिवस वेलीवर राहू देईन."