आवळलेला स्क्रू

"दादाला कुणी मारलं, दगडाने की स्क्रूने?" सुटे भाग बोलत असत त्या काळी प्लास्टिकच्या धाकट्या गार्डने अख्ख्या दुकानाला विचारलं. जीपच्या बॉनेटवर किडे-खडे अडवायला बसवलेला थोरला पहिल्याच खड्याने फुटला होता.

तीच जीप परत आली. बारकू मिस्त्रीने आता धाकट्याला निवडलं आणि थोरल्यासारखाच, मध्ये ताण झेलणारं रबर न घालताच, स्क्रू करकचून आवळायला घेतला.

"सोस रे," बॉनेट म्हणालं. "तुझ्या दादाने हूं की चूं केलं नाही."

"म्हणून तर गेला!"

खुंटीवर त्याची आणखी दोन भावंडं लटकत होती. त्यांच्याकडे बघत धाकट्याने अंग ताठ केलं आणि तो मिस्त्रीच्या हातातच कडकन तडकला.

मिस्त्री चपापला. "इथे कुठला आला दगड?" म्हणत त्याने खुंटीला हात लावण्याआधी रबरांचा डबा उघडला.