मण्याची जागा

“पण मग मला शिष्य करून घ्यायला अडचण तरी कसली आहे, बाबा?”

हेरंबने पुन्हा तेच विचारलं. टेकडीवरच्या तकियात, आपल्या झोपडीवजा मठीत, नूरबाबा फकीर चुलीवर चहा उकळत बसले होते. बाकी चिटपाखरू नव्हतं. वारा तेवढा होता.

“लेकीला जाऊन वर्ष झालं. मी रडलो नाही. घर सोडलं, खाली गावात खोली घेतली. आता मला काही म्हणजे काही जाणवत नाही. लोक याच्यासाठी हिमालयात जातात!”

“आणि बायको?”

“ऋजुता घरीच आहे. रडत असते. रोज संध्याकाळी फोन करते... मी उचलत नाही. तिच्याजवळ बसलं की माझाही तोल जातो.”

बाबांनी चुलीत एक लाकूड सारलं.

म्हाताऱ्याला नीट समजावून सांगायला हवं, असं हेरंबला वाटलं. समजावून सांगण्यात त्याचा हातखंडा होता. कारखान्यात तो दिवसभर तेच करायचा. त्याने खिशातून नखाएवढी धातूची डबी काढली.

“ही आमच्या कारखान्यातली. आत क्वार्ट्झचा स्फटिक आहे. तो सारखा कंप पावतो, आणि त्याच्या ठेक्यावर यंत्रं वेळ पाळतात. ऊन असो, थंडी असो, ठेका चुकत नाही. मला असं व्हायचंय.”

बाबांनी डबी घेतली आणि चुलीच्या कडेला ठेवून दिली.

“म्हणजे याला आच लागत नाही?”

हेरंबला हसू आलं. एवढंही ठाऊक नसावं माणसाला!

“लागते ना. आच लागली की स्फटिकाचा ठेका बिघडू लागतो. म्हणून आत त्याला खेटून एक बारीक मणी बसवतात. थर्मिस्टर म्हणतात त्याला. स्फटिक तापला की मणीही तापतो, आणि तापला की त्याच्यातून जाणारी वीज बदलते. त्या बदलामुळेच स्फटिकाला सावरता येतं.”

“खेटून कशाला? उगाच भाजतो बिचारा. लांब ठेवा, सुखात राहील.”

“छे, छे! ती चूक झालीय आमच्याकडे एकदा. जोडायला सोपं म्हणून मणी लांब, गार कोपऱ्यात बसवला. सगळा माल भंगारात गेला. मणी आपला मजेत होता. त्याच्या लेखी सगळं ठीकच चाललं होतं. आणि तिकडे स्फटिक एकटाच...”

तो थांबला.

चुलीत लाकूड तडतडलं. बाबांनी वर पाहिलं नाही.

हेरंबच्या खिशात फोन वाजू लागला. संध्याकाळ झाली होती. त्याने फोन काढून नाव पाहिलं आणि हातातच धरून ठेवला. त्याला एकाएकी फार एकटं वाटलं. आपल्याला असं वाटू शकतं, हेच तो विसरून गेला होता.

“उचलला तर मला जावं लागेल, बाबा.”

बाबांनी चहा चुलीवरून उतरवला.

“आणि गेलो, तर मी कोसळेन.”

बाबांनी चुलीकडची डबी उचलली आणि ती गरम गरम त्याच्या तळहातावर ठेवली.

“कोसळ. पण तिच्याशेजारी बसून कोसळ.”