पलीकडच्या काठाचा चिखल

"माझं मेलं कुणाला खरंच वाटत नाही!" भोरी म्हैस कडाडली.

फार मागची गोष्ट. खरजेनं गांजलेली जनावरं रोज जांभळीखाली जमायची आणि कशानं गुण आला ते एकमेकांना सांगायची. भोरीच्या रेडकाला नदीपलीकडच्या चिखलानं उतार पडला होता.

"तो काठ तांबड्या वळूचा. आपण काळ्याच्या गटातल्या," कपिला गाय फणकारली. "त्याचं कौतुक इथं नको."

"अगं बये, तुझं वासरू रक्त येईस्तोवर अंग घासतंय! खरूज काय गट विचारून येते?"

झालं! औषध राहिलं बाजूला, कोणता वळू थोर यावरच शिंगं भिडली. भोरीनं मग कुणाला विचारलंच नाही. वासराला ढुशा देत पलीकडं नेलं आणि रोज चिखलात लोळवलं.

वासरू उड्या मारायला लागलं, तशी सभा बसली. गटात फूट कुणी पाडली? कपिलेसकट सगळ्यांनी एका सुरात नाव घेतलं: भोरी.