माघातली छाटणी

एका संस्थानात राजाची बाग होती, आणि त्या बागेत कुशाबा नावाचा एक माळी होता. बागेच्या फाटकापासून राजवाड्यापर्यंत सरळ रस्ता जाई. रस्त्याच्या एका अंगाला ताम्हणाची बारा झाडे होती, ती रावजी माळ्याकडे. दुसऱ्या अंगाला बहाव्याची बारा, ती कुशाबाकडे. वैशाखात एक बाजू जांभळी आणि दुसरी पिवळी होई, तेव्हा लांबलांबची माणसे तो रस्ता पाहायला येत.

एका वर्षी बागेवर जनार्दनपंत नावाचे नवे कारभारी आले. ते माळ्यांना म्हणाले, "मला झाडातलं काही कळत नाही. पण काम कोण करतो आणि सावलीत कोण बसतो, ते मला कळायला हवं. रोज संध्याकाळी आपापली छाटणी फाटकाशी आणून टाकायची. पाडव्यानंतर एकच माळी ठेवायचा आहे."

माळ्याला राहायला बागेतच खोली मिळे. कुशाबाची बायको मंजुळा लग्न होऊन त्याच खोलीत आली होती. दुसरे घर त्यांना नव्हते.

माघ महिना लागला. ताम्हणाला नव्या फुटीच्या शेंड्यावर फुले येतात, म्हणून ते थंडीत छाटतात. रावजी सकाळपासून करवत चालवी आणि संध्याकाळी पुरुषभर उंचीचा ढीग लावी. बहाव्याचे तसे नाही. त्याचे घोस गेल्या वर्षीच्या फांद्यांना लटकतात. त्याची छाटणी फुले सरल्यावर. माघात काढायची ती फक्त वाळलेली किंवा दुसरीला घासणारी फांदी, आणि तीही नीट बघून. कुशाबा अर्धी सकाळ एकेका झाडाभोवती फिरे, मग एक फांदी निवडी. साल सोलवटून निघू नये म्हणून आधी खालून चीर घेई, मग वरून कापी. फांदीच्या बुडाशी जे फुगीर कडे असते ते तसेच राखी, कारण जखम भरते ती त्या कड्यातून. दिवसाकाठी अशा दोन फांद्या होत.

"हे काय, कुशाबा?" पंत म्हणाले. "चिमणीला घरटं बांधून द्यायचंय का?"

रावजी हसला. "माझ्यातली एक मोळी उसनी ने. परत नाही केलीस तरी चालेल."

कुशाबाने पंतांना घोसांचे समजावून पाहिले.

"फुलं यायची तेव्हा येतील," पंत म्हणाले. "ढीग आज दिसतो."

त्या दिवसापासून कुशाबाला चैन पडेना. तो उभ्यानेच भाकरी खाई. दिवसातून चार वेळा फाटकाशी जाऊन रावजीचा ढीग बघून येई.

"अहो, बसा की घटकाभर," मंजुळा म्हणे. "ढीग काय चालत घरात येणार आहे?"

"तो येणार नाही. आपण बाहेर जाऊ," कुशाबा म्हणे, आणि पुन्हा उठे.

महिना सरत आला तसा त्याचा धीर सुटला. एका सकाळी त्याने चौथ्या बहाव्याला शिडी लावली आणि दुपारपर्यंत चारी बाजूंच्या फांद्या उतरवल्या. त्याचा ढीग रावजीच्या ढिगापेक्षा हातभर उंच झाला. पंत स्वतः झाडाखाली येऊन म्हणाले, "आता कसं माळ्यासारखं काम दिसतंय." कुशाबाला बरे वाटले. ते बरे वाटणे घराच्या दारापर्यंतही टिकले नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने पाचव्या झाडावर चढून करवत फांदीला टेकवली. तिथून चौथे झाड समोरच दिसत होते. सगळीकडे नुसती खुंटे. कुशाबा तसाच खाली उतरला आणि पंतांकडे गेला.

"पंत, आजपासून माझा ढीग येणार नाही. कालचाही आणायला नको होता."

"मग पाडव्याला खोली रिकामी कर," पंत म्हणाले.

सामान बांधताना मंजुळा म्हणाली, "पाचव्या झाडाच्या वेळी मला विचारलं नाहीत, ते बरं केलंत. मी 'कापा' म्हटलं असतं."

दोघे तिच्या भावाकडे राहायला गेली. चैत्रात बहाव्याची पाने झडली आणि झाडे वाळल्यासारखी दिसू लागली. छाटलेल्या चौथ्या झाडाला तेवढी हिरवी फूट आली. येणारेजाणारे म्हणत, त्या एकाच झाडात जीव दिसतो. कुशाबा रोज दोनदा कुंपणाशी येऊन उभा राही. आपलेच चुकले की काय, असे त्याच्या मनात येई. घरी जाई, अर्ध्या वाटेवरून परत येई.

वैशाखात राजकन्या पहिल्यांदा माहेरी आली. राजा तिला घेऊन त्या रस्त्याने चालत निघाला. ताम्हणाची झाडे जांभळी झाली होती. बहाव्याची अकरा झाडे शेंड्यापासून खालपर्यंत पिवळ्या घोसांनी लगडली होती.

"ही बाजू कोण बघतं?" राजाने विचारले.

"कुशाबा होता, सरकार," पंत म्हणाले. "आळशी निघाला, पाडव्याला काढला. अख्ख्या माघात त्यानं काय ते एकाच झाडाचं काम केलं."

"कोणत्या?"

पंतांनी हात उचलला आणि तो तसाच राहिला. पण सगळ्यांनी हाताच्या दिशेने पाहिलेच. चौथ्या झाडाला पाने भरपूर होती. घोस एकही नव्हता.

कुशाबाला कुंपणापलीकडून बोलावून आणले.

"हे झाड तू कापलंस?"

"होय, सरकार. ढीग दिसावा म्हणून."

"आणि बाकीची?"

"त्यांची वाळकी, घासणारी फांदी तेवढी काढली. बाकी वेळ बघत उभा होतो."

राजाने ढिगाची रीत त्याच दिवशी बंद केली आणि दोन्ही माळी ठेवायला सांगितले. मग कुशाबाला म्हणाला, "आजपासून ये."

"येतो, सरकार. पण चौथ्या झाडाला यंदा फुलं नाहीत, पुढच्या वर्षीही थोडीच येतील. तोवर मला घाई करू नका."

एवढे बोलून तो थांबला नाही. चौथ्या झाडाची खुंटे नीट भरतात का, ते बघायला गेला.

तात्पर्य: काम करतो आहोत हे लोकांना दिसावे एवढ्यासाठी केलेले काम त्या कामाचाच घात करते. हात कुठे चालवायचा आणि कुठे आवरायचा, हे ज्याला कळते तोच खरा कामाचा माणूस.