वरचं तोंड

समुद्राला अजून नावही पडलं नव्हतं, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट.

एका खडकावर स्पंज राहत होता. दिसायला थेट मातीचं मडकं, पण होता जिवंत. शेजारच्या बिळात एक खेकडा राहायचा. मिळेल ते ओढून आत साठवायचं, ही त्याची सवय. आणि स्वभाव भारी चौकस. स्पंजाला खाताना त्याने कधी पाहिलं नव्हतं. मग हा जगतो तरी कशावर?

स्पंजाच्या आत एक कोळंबी पोटाशी अंडी धरून बसली होती. खेकड्याने वरच्या तोंडातून डोकावून तिलाच विचारलं, "कोळंबीताई, याचं काळीज कुठे गं?"

"काळीज नाही, दादा. पोटही नाही."

"म्हणजे नुसतं टरफल?"

कोळंबी हसली. "टरफल तुझं! याच्या अंगभर बारीक भोकं आहेत, तिथून पाणी आत येतं. आत बोळच बोळ. बोळांच्या कडेला इवल्याशा खोल्या, आणि खोल्यांमधून त्याहून इवले कामकरी. प्रत्येकाला एक शेपटी. सगळे ती हलवत राहतात, म्हणून पाणी वाहतं. त्यातला घास टिपायचा, शेजाऱ्यांना पोचवायचा आणि उष्टं पाणी या वरच्या तोंडातून सोडून द्यायचं."

"सोडून द्यायचं? एवढं राबून ओढलेलं?" खेकड्याला ते सोसेना. "अगं, साठवलं तर केवढं होईल!"

त्याने एक गोल गोटा लोटत आणला आणि वरच्या तोंडात बुचासारखा बसवला. मग आता भरेल, मग भरेल, म्हणून वाट बघत बसला.

मडकं काही भरलं नाही. उलट बारीक भोकांपाशी येणारं पाणीच थबकलं. स्पंजाचा पिवळा रंग मळत चालला. आतून हाक आली, "दादा, काढ तो गोटा! मला वाट नाही, माझी अंडी गुदमरतायत!"

खेकडा घाबरला. नांगीने गोटा ओढू लागला, पण गोटा घट्ट बसला होता. त्याने सगळा जीव लावला. काडकन नांगी मोडली, आणि गोटा निघाला.

आधी काळपट पाणी उसळलं, मग स्वच्छ.

"वाचली का गं?" त्याने हळूच विचारलं.

कोळंबीने पोटाशी धरलेली अंडी एकेक करून चाचपली. "थोडी गेली रे. बाकीची हलतायत."

"मला वाटलं, साठेल."

"दादा, जाणारं अडवलंस, तिथेच येणारंही अडलं."

नवी नांगी फुटेपर्यंत खेकडा एका नांगीने जेवला. जेवताना त्याची नजर स्पंजाच्या वाहत्या तोंडाकडे जाई.

लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: जाण्याची वाट मोकळी असेल, तरच येणारं आत येतं.