वायरीची जखम

फार वर्षांमागं घाटातल्या एका गावात एक जुनी जीप होती. चिखल लागला की तिच्या पोटातली छोटी मोटार पुढच्या चाकांनाही ओढायला लावायची. त्या मोटारीला वीज पोचवायला एक वायर होती. दोघी एकाच दिवशी जीपमध्ये आलेल्या, जिवाभावाच्या मैत्रिणी.

पत्र्याला घासून घासून वायर आतून तुटत आली. पाणी लागलं की वीज अडायची, वाळलं की पुन्हा सुरळीत.

"अगं, मिस्त्रींना दाखव ना," मोटार म्हणायची.

"नको बाई. कापून टाकतील मला."

यासीनमिस्त्री तपासायचे ते गॅरेजच्या कोरड्या फरशीवर. ते वायर हलवून बघत, तेव्हा ती तुटकी टोकं घट्ट धरून ठेवी. तीनदा असं झालं. चौथ्यांदा मिस्त्री म्हणाले, "वायर चांगली आहे. म्हातारी मोटारच दगा देतेय. काढा तिला."

वायरीनं टोकं एकदा सैल सोडली असती तरी पुरे होतं. तिनं सोडली नाहीत.

"पाण्यात जपून राहा गं," जाताना मोटार एवढंच म्हणाली.

नवी मोटार बसली आणि पहिल्याच ओढ्यात पुढची चाकं थांबली. सोबत आलेल्या मिस्त्रींनी तिथंच चिखलात आडवं पडून वायर चाचपली. जखम सापडली. त्यांनी टोकं जोडून वर पट्टी गुंडाळली. वायरीला दुखलंसुद्धा नाही.

"ती जुनी मोटार कुठंय रे?" त्यांनी ड्रायव्हरला विचारलं.

"भंगारात गेली, चाचा. वितळलीही असेल."

मिस्त्री बराच वेळ हात पुसत राहिले.

"एवढंसंच होतं, तर आधी का नाही दाखवलंस?" नव्या मोटारीनं विचारलं.

वायरीनं तिला वीज दिली. पुढची चाकं ओढ्यातून वर निघाली.